ऊन काय काचेला विचारून येतं

मे महिन्यातली दुपार, साडेचार वाजलेले, आणि आमच्या पश्चिमेकडच्या खोलीतून टक् असा बारीकसा आवाज आला. मला वाटलं पाल पडली. जाऊन बघतो तर खिडकीच्या ब्राऊन काचेला वरपासून खालपर्यंत तडा. कोणी दगड मारलेला नाही, गल्लीत क्रिकेट नाही, जळगावात त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. गुन्हेगार मीच होतो. पाच मिनिटांपूर्वी मला हुक्की आली होती की काच फार तापलीय, जरा पाणी मारावं. टाकीतलं पाणी त्या वेळी चहा होईल इतकं कडक असतं म्हणून मी मुद्दाम बोअरची मोटर चालू करून थेट पाईप लावला आणि गारगार पाण्याचा फवारा मारला. काचेला बरं वाटेल असं वाटलं होतं!

काचवाल्याला फोटो पाठवला तर त्याने उलटा फोन केला, 'काय भो, तव्यावर पाणी टाकलं का?' म्हटलं हो. तो हसला तो हसलाच.

नंतर प्रत्यक्ष आला तेव्हा त्याने तडा बोटाने दाखवला. सुरुवात काठापासून, अगदी काटकोनात, आणि मग पुढे जाऊन तापीच्या पात्रासारखा वाकडातिकडा. म्हणे असा तडा दिसला की समजायचं उन्हाने गेली, मार लागून गेलेली काच वेगळी दिसते. रंगीत काच ऊन पिते, मधला भाग भाजतो, पण काठ ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये झाकलेला असतो तो त्यामानाने थंड राहतो. मधला भाग फुगायला बघतो, काठ फुगत नाही, ओढाताण आधीच चालू असते. त्यात तुम्ही पाणी मारलं. कापताना काठाला जरा टवका उडालेला असेल तर मग विचारायलाच नको.

आता ही ब्राऊन काच घेतली कोणी? मीच. घर बांधताना माणूस सिमेंट, सळई, फरशी यावर महिनोन्‌महिने खल करतो, आमच्याकडे तर संडासाच्या टाईलवरून दोन काका एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते, पण काचेचा नंबर येतो तोवर पैसे आणि डोकं दोन्ही संपलेलं असतं. दुकानात गेलो, तो म्हणाला क्लिअर का ब्राऊन, मी म्हटलं ब्राऊन, कारण गॉगल ब्राऊन असतो. एवढाच माझा अभ्यास. ४ एमएम का ५ एमएम? ५. का, तर ४ पेक्षा ५ जास्त. बरं त्याचंही वजन असतं हे कोणाला माहीत, एक चौरस मीटर काच दर एमएमला अडीच किलो भरते, म्हणजे आमच्या चार बाय चारच्या स्लायडिंगचा एकेक पल्ला नुसत्या काचेचाच आठ किलोच्या आसपास, आणि खाली बेअरिंग मात्र सगळ्यात स्वस्तातलं, त्यामुळे दोन वर्षांत पल्ला सरकवायला जोर मारावा लागायला लागला. माप घेतानाही गंमत, आमची काच पंचेचाळीस इंच उंच तर हिशोबात अठ्ठेचाळीस, म्हणे पुढचं माप धरतात. जी काच आपल्या घरी येतच नाही तिचे पैसे.

आणि स्लायडिंग! खानदेशात स्लायडिंग खिडकी कोणी आणली त्याला एकदा भेटायचंय मला. अर्धीच उघडते, आणि त्या अर्ध्यात आपण कूलर बसवतो, झाली खिडकी संपली. मग समोरची खिडकी घट्ट लावून बसतो आणि तक्रार करतो की कूलर नुसता चिकचिक करतोय. अरे कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची असते, नाहीतर ओली हवा खोलीतच फिरते आणि पापडसुद्धा मऊ पडतो. हे मी आमच्या घरात दर एप्रिलला सांगतो आणि दर एप्रिलला 'ऊन आत येतं' म्हणून ती खिडकी लावली जाते.

वास्तूला आमची मोठी माय पारोळ्याहून आली होती. तिचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, हातभर जाड भिंती, खिडक्या एवढ्याशा, त्यांना काच औषधालासुद्धा नाही, लाकडी फळ्यांची दारं. सकाळी अकराला ती दारं बंद, संध्याकाळी ऊन उतरलं की उघडी, आणि रात्री सगळे धाब्यावर झोपायला. तिने आमच्या मोठ्या काचेच्या खिडकीसमोर उभं राहून नीट पाहिलं. मी म्हटलं, रंगीत काच आहे, ऊन कमी लागतं. तर म्हणे, 'ऊन काय काचले इचारीसन येस का?' सगळे हसले, मीपण हसलो, आणि मनात म्हटलं म्हातारीला काय कळतं टेक्नॉलॉजीतलं.

तर झालं असं की म्हातारीचंच खरं निघालं. काच उन्हाला सरळ आत सोडते, ते ऊन फरशीवर, गादीवर, कपाटावर पडतं, ती तापतात आणि त्यांच्यातून जी धग निघते ती धग मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आत यायला दार उघडं, बाहेर जायला बंद, आपल्याकडच्या पाहुण्यांसारखं. ब्राऊन काच थोडं ऊन अडवते हे खरं, पण अडवून ठेवते कुठे तर स्वतःच्या अंगात, आणि मग स्वतःच शेगडी होऊन त्यातली काही धग आत फेकते. पारा ४५ च्या वर असताना त्या काचेला हात लावून बघा एकदा. पडद्याचंही तेच, जाड पडदा लावला की डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन काचेच्या आत येऊन पडद्याला तापवून झालेलंच असतं. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला पाहिजे.

छज्जा आहे की, असं मीपण म्हणालो होतो. पण छज्जा दुपारी बाराच्या उन्हासाठी. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली गायब होते, त्या वेळी दोन फुटी छज्जा पुष्कळ झाला. पश्चिमेच्या खिडकीचं दुखणं चार वाजता सुरू होतं, सूर्य खाली वाकून छज्जाच्या खालून सरळ पलंगावर येऊन बसतो. तिथे छज्जा काय करणार बिचारा.

शेजारच्यांनी डबल ग्लास लावलीय, दोन काचा आणि मध्ये बोटभर बंद हवा, कडेच्या पट्टीत ओल शोषणारे मणी भरलेले असतात. आवाज खरंच कमी येतो, एसी लावला तर गारवाही टिकतो. पण दोन्ही काचा साध्या आणि वर सावली नाही, म्हणजे ऊन दोन काचांमधून येतं एवढाच फरक. आणि कडेचं सील गेलं की आतल्या बाजूने धुकं धरतं, ते ना बाहेरून पुसता येतं ना आतून. टफन काच मात्र मला आवडली. भट्टीत सहाशेच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटक्यात गार करतात, साधीपेक्षा चार-पाच पट दणकट, माझ्या पाईपलाही तिने दाद दिली नसती. फुटली तर सुऱ्या होत नाहीत, खडीसाखर होते. फक्त माप आधीच नक्की हवं, एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, नखभर जास्त झाली तरी गेली वाया.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके, दर आठवड्याला पाईप मारून मी काच साफ करत नव्हतो, तिच्यावर चुना चढवत होतो. ओल्या कापडाने ते हलत नाहीत. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून कापड भिजवायचं, दहा मिनिटं काचेवर चिकटवून ठेवायचं, मग पुसून, साध्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडं करायचं आणि शेवटी जुन्या पेपरने. खाली मार्बल असेल तर आधी झाका, ते पाणी मार्बल खातं. आणि पल्ला सरकतो त्या ट्रॅकला खाली पाणी जायला बारीक भोकं असतात ती टोचून मोकळी ठेवा. आमच्या पेंटरने ती पुट्टी भरून सपाट केली होती, भिंत कशी मस्त दिसते म्हणे, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात ट्रॅकचा पाट होऊन पाणी गादीपर्यंत.

तर शेवटी मी काय केलं, रावेरकडच्या एका मित्राची केळीच्या रोपांची नर्सरी आहे, त्याच्याकडून हिरव्या शेडनेटचा उरलेला तुकडा आणला आणि खिडकीच्या बाहेर, काचेपासून फूटभर लांब, दोन पाईपांवर ताणून बांधला. खोली एकदम उतरली. मोजलं नाही, पण चारनंतर आता पलंगावर बसता येतं. खोलीत सगळं हिरवंहिरवं दिसतं, केळीच्या बागेत झोपल्यासारखं. बायको म्हणते एवढी पैशांची काच लावली आणि बाहेर बघितलं तर जाळी.

काचवाला नवी काच घेऊन आला तेव्हा जाळी बघून क्षणभर थांबला. 'मग आता कोणती टाकू?' म्हटलं साधी, क्लिअर, ४ एमएम. त्याने ओट्यावर पोतं अंथरलं, काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली, पट्टी धरून एकच रेघ ओढली, कर्रर्र असा अंगावर काटा आणणारा आवाज, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी बिस्किट मोडावं तशी काच मोडली. सात-आठ सेकंदांचं काम. मी दोन वर्षं या खिडकीशी भांडत होतो.

फुटक्या ब्राऊन काचेतला धड तुकडा आईने त्याच्याकडून कापून, काठ घासून घेतला. तो आता गच्चीवर दोन विटांवर आहे आणि त्याच्यावर ती आंबोशी वाळत घालते. मजबूत तापतो, म्हणे दोन दिवसांत कडकडीत.