वीसच्या जागी वीसचाच फ्यूज

गाडीचा फ्यूज बदलायला पाच मिनिटं लागतात, पण योग्य फ्यूज जवळ असेल तर. तो नसला आणि बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असला की जो भेटेल तो एकच उपाय सांगतो: फ्यूजच्या जागी तार टाका. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गुहागरहून चिपळूणला निघालो होतो, सासऱ्यांचे डोळे दाखवायला. शृंगारतळीच्या अलीकडे वायपर काचेच्या मधोमध येऊन थांबले. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर सगळं व्यवस्थित. एवढी एकच गोष्ट बंद पडली म्हणजे आधी फ्यूज बघायचा. गाडी एका पत्र्याखाली घेतली, वायपरचा खटका बंद केला, चावी काढली. आमच्या गाडीत वायपरचा फ्यूज स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळच्या डब्यात आहे, त्यामुळे भिजावं लागलं नाही. (दुसरा डबा बॉनेटखाली असतो. पावसाळ्यात तो उघडायची वेळ आली तर वर छत्री धरायला कुणीतरी हवं.) कुठला फ्यूज कशाचा, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सापडलं. तिथल्याच छोट्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने तो सरळ उपसून काढला आणि मोबाइलच्या उजेडात धरला. पारदर्शक पिवळं प्लॅस्टिक, डोक्यावर २० आकडा, आतली वळणदार पट्टी मधोमध तुटलेली आणि तिथे काळा डाग. निदान झालं.

अडलं ते पुढे. पाऊस जरा उणावल्यावर हळूहळू बाजारात पोचलो. पहिल्या दुकानात पिवळे फ्यूज होते, पण मोठ्या आकाराचे. माझा मिनी, त्याचे पाय त्याहून बारीक आणि जवळजवळ. रंग जुळला तरी खाचेत बसणारच नव्हता. दुकानदाराने ड्रॉवर उपसून मिनी शोधून दिला तो हिरवा, म्हणजे तीस अँपिअरचा. "लावा ओ ताई, काय होत नाय."

होतं! फ्यूज मुळात जळण्यासाठीच बसवलेला असतो. वायपरच्या वायरी वीस अँपिअरच्या हिशेबाने घातलेल्या आहेत. तिथे तीसचा लावला तर जास्तीचा करंट फ्यूजला काही करणार नाही, तो वायरीला तापवेल, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत बाकीच्या वायरींना चिकटून असते. हे मी शांतपणे सांगितलं, तर उत्तर मिळालं, "सगळे तसंच करतात."

पुढच्या गॅरेजमध्ये तर त्या मुलाने वायरीतून तांब्याचा एक धागा सोलून तयारच ठेवला. "चिपळूणपर्यंत जाल आरामात." मी नको म्हटलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता सासऱ्यांना समजावू लागला. सासरे एवढंच म्हणाले, "गाडी ती चालवते, तिलाच विचार." मला फार बरं वाटलं.

मग फ्यूजबॉक्सचं पान पुन्हा नीट वाचलं. मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरचा फ्यूज, वीस अँपिअर, मिनी. तोच उपसला आणि वायपरच्या जागी दाबून बसवला. खटका दिला, वायपर हलले. दोन्ही ठिकाणच्या लोकांना हे सुचलं नव्हतं, याचा अभिमान मी लपवणार नाही. उसना फ्यूज घेताना आकडा आणि आकार दोन्ही तेच हवेत, आणि हेडलाइट, ब्रेकलाइट किंवा एअरबॅगच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: काहीही उपसण्यापूर्वी डब्याचा फोटो काढा. रंगही लक्षात असू द्यात. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. तरी खरा भरवसा आकड्यावरच ठेवायचा. पट्टी नीट दिसत नसेल तर फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात. चावी चालू ठेवून टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) आळीपाळीने दोन्हीवर लावा, एकावर पेटला आणि दुसऱ्यावर नाही तर फ्यूज गेला. पट्टी शाबूत असेल तर मात्र रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा मोटर बघायची.

चिपळूणमध्ये योग्य फ्यूज मिळाले, जास्तीचे घेऊन ठेवले. पण फ्यूज का गेला, हा प्रश्न उरलाच होता. ते घरी आल्यावर कळलं. काचेखालची जाळी काढली तर वायपरच्या दांड्यांचे सांधे गंजून जड झाले होते. आमचं घर समुद्राला लागून, खारं वारं लोखंडाला सोडत नाही. सांधे जड, म्हणून मोटरला जास्त करंट लागला आणि फ्यूज उडाला. तांब्याचा धागा असता तर मोटर तशीच जोर करत राहिली असती, जळेपर्यंत. सांधे साफ करून ग्रीस भरलं, आता वायपर पूर्वीपेक्षा हलके चालतात. नवा फ्यूज लावल्या लावल्या पुन्हा उडाला तर मात्र आणखी फ्यूज घालत बसू नका. कुठेतरी शॉर्ट आहे किंवा उंदराने वायर कुरतडली आहे, गाडी इलेक्ट्रिशियनकडेच न्या.