तुम्ही विचारलंत म्हणून: ती बातमी मेंढपाळांनाच का?

नाताळच्या आठवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीत गोठ्याचा देखावा मांडलेला असतो आणि फराळाला येणारे शेजारी त्याच्यापुढे क्षणभर थांबतात. मरीया, योसेफ आणि बाळ येशू त्यांना ओळखू येतात. मुकुट घातलेले तिघेही चित्रांत पाहिलेले असतात. मग कोणीतरी खांद्यावर कोकरू घेतलेल्या मूर्तीकडे बोट दाखवून विचारते, "तुमच्या प्रभूच्या जन्माची बातमी आधी मेंढपाळांना का मिळाली? राजाला, निदान याजकाला तरी कळायला हवी होती." संडे स्कूलमधली मुलेही वर्षानुवर्षे मला हेच विचारत आली आहेत. चहाचा कप रिकामा होईपर्यंत देता येईल असे याचे उत्तर नाही, म्हणून ते येथे लिहिते आहे.

बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत; त्याच्या जन्माची हकीकत त्यांपैकी दोनांतच आहे. पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे देखाव्यातले ते मुकुटवाले ज्ञानी, मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत, तेथे मेंढपाळ नाहीत. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत, तेथे मागी लोक नाहीत. देखाव्यात आपण त्यांना शेजारीशेजारी उभे करतो. लूकचा दुसरा अध्याय सुरू होतो तो मात्र थेट रोमच्या सम्राटापासून: कैसर औगुस्ताने नावनोंदणीचा हुकूम काढला आणि म्हणून योसेफ गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमला गेला. आशिया मायनरमधील प्रियेने या नगरात इ.स.पू. ९ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला आहे, ज्यात याच औगुस्ताचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी सुवार्तेचा आरंभ होय, असे कोरलेले आहे. सुवार्ता, तारणारा, शांती हे शब्द त्या काळी सम्राटाच्या गौरवासाठी वापरले जात होते. लूकने तेच शब्द घेतले आणि देवदूताच्या तोंडून ते रोमला किंवा यरुशलेमच्या मंदिरात ऐकू न येता बेथलेहेमजवळच्या रानात, रात्री, कळप राखणाऱ्या माणसांना ऐकू आले असे लिहिले. त्या माणसांपैकी एकाचेही नाव त्याने दिलेले नाही.

येथे एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलावेसे वाटते. नाताळच्या प्रवचनांत अनेकदा सांगितले जाते की मेंढपाळ हे यहुदी समाजातील बहिष्कृत लोक होते आणि न्यायालयात त्यांची साक्षसुद्धा चालत नसे. मेंढपाळांविषयी कठोर शब्द यहुदी धर्मग्रंथांत आहेत हे खरे. मिशना या यहुदी नियमांच्या संग्रहात मेंढपाळाचा धंदा लुटारूंच्या धंद्यांत धरलेला आहे आणि त्यावरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदमध्ये त्यांच्या साक्षीविषयीचा निर्बंध आहे. परंतु मिशनाचे संकलन इ.स. २०० च्या सुमाराचे आहे, तालमूद त्याहूनही पुष्कळ नंतरचा आहे, आणि एखाद्या धंद्याविषयी पंडितांनी दाखवलेला संशय म्हणजे गावाने घातलेला बहिष्कार नव्हे. लूक स्वतः मेंढपाळांविषयी एकही हीन शब्द वापरत नाही. उलट, त्यांनी सांगितलेले ऐकून सर्वांना आश्चर्य वाटले असे तो लिहितो. यांचे कोण ऐकणार, असे कोणी म्हटल्याचे तेथे नाही. आपल्या सणाची गोडी वाढावी म्हणून दुसऱ्या समाजाला अधिक निर्दय रंगवणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्याची गरजही नाही.

ते बहिष्कृत नसतील, पण गावाबाहेरचे होते. नगर जिल्ह्यात माझ्या माहेरी पीक निघाल्यावर रानात मेंढ्या बसवतात. धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासह फिरणारा त्यांचा तळ, काही दिवस एका शेतात मुक्काम करतो, लेंड्यांचे खत जमिनीला मिळते आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. अशा वाड्याची गावाला गरज असते, आदरही असतो, परंतु गावात कोणाकडे काय घडले हे त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. लहानपणी हे पाहिलेले असल्यामुळे रात्री कळप राखणाऱ्यांविषयीचे लूकचे ते वचन मला पुस्तकी वाटत नाही. मूळ ग्रीकमध्ये तर मेंढपाळ रात्रीचे 'पहारे' राखत होते असे अनेकवचन आहे, म्हणजे काही निजले असतील आणि काही पाळीने जागे असतील. ज्यांना सर्वांत शेवटी कळायचे त्यांना त्या रात्री सर्वांत आधी कळले, आणि तेही ते आपले नेहमीचे काम करत असताना.

हे रान कोणते, याचाही अर्थ आहे. बेथलेहेम हे इस्राएलचा राजा दावीद याचे गाव. शमुवेल संदेष्टा राजाच्या शोधात दाविदाचा बाप इशाय याच्या घरी आला तेव्हा सात मुलगे त्याच्यापुढून गेले आणि ज्याची निवड व्हायची होती तो आठवा, सर्वांत धाकटा, मेंढरे राखायला गेलेला होता; त्याला घरी बोलावून आणावे लागले. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे तेविसावे स्तोत्र त्याच दाविदाच्या नावे आहे. देवदूताने "दाविदाच्या गावात" असे म्हटले तेव्हा ते ऐकणाऱ्यांच्या हातातील काठी दाविदाच्याच धंद्याची होती. आज बेथलेहेमच्या पूर्वेला बेत साहूर येथे मेंढपाळांचे शेत म्हणून एक सोडून दोन जागा दाखवतात, एक फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाची आणि एक ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाची. त्यांतील खरी कोणती या वादात मला रस नाही. रान तेच आहे.

माझ्या दृष्टीने खरे उत्तर मात्र खुणेत आहे. देवदूत त्यांना तारा दाखवत नाही की भविष्यवाणीचा ग्रंथ उघडायला सांगत नाही. बाळंत्यात गुंडाळलेले आणि गव्हाणीत निजवलेले बालक तुम्हांला सापडेल, एवढेच तो सांगतो. बाळंते प्रत्येक तान्ह्या बाळाला असते, तेव्हा ओळख पटायची ती गव्हाणीवरून. गव्हाण म्हणजे काय, तिला कसला वास येतो, हे मेंढपाळाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. राजवाड्याचा पत्ता दिला असता तर पहारेकऱ्यांनी त्यांना दारातच अडवले असते. गव्हाणीपाशी जायला त्यांना कोणाची परवानगी लागणार नव्हती. ज्याला जी खूण वाचता येते तीच त्याला दिली गेली, आणि ती वाचायला त्या रात्री त्यांच्याइतके योग्य कोणी नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी स्वतः आई झाल्यावर माझ्या लक्षात आली. देखाव्यात आपण गोठ्याच्या छपरावर देवदूत टांगतो, परंतु लूकच्या हकिकतीत गव्हाणीपाशी देवदूत आलेच नाहीत. ते रानावर आले, तेथेच त्यांनी देवाला गौरव आणि पृथ्वीवर शांती असे स्तवन केले आणि तेथूनच ते परत गेले. बाळ होणार हे मरीयेला देवदूताने नासरेथमध्ये सांगितले होते; त्यानंतर लांबचा प्रवास झाला, परक्या गावात जागा मिळाली नाही, बाळंतपण झाले, आणि त्या रात्री तिच्यासाठी आकाश उघडल्याचे लूक कोठेही लिहीत नाही. तिच्यापर्यंत जे आले ते रानातून चालत आलेल्या अनोळखी पुरुषांच्या तोंडून आले. ओल्या बाळंतिणीपाशी रात्रीच्या वेळी अशा माणसांना कोण येऊ देते? तिने येऊ दिले, त्यांचे ऐकले, आणि त्या सर्व गोष्टी मनात साठवून ती त्यांचा विचार करत राहिली, असे लूक लिहितो.

ह्यूगो फान डेर गूस या चित्रकाराने १४७५ च्या सुमारास काढलेले एक मोठे वेदीचित्र, म्हणजे चर्चमधील वेदीसाठीचे चित्र, इटलीतील फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. त्यातले तीन मेंढपाळ घाईघाईने आत येऊन थांबलेले आहेत. हात राबून रापलेले, चेहरे खरखरीत, एकाचे तोंड उघडेच राहिले आहे. देवदूतांच्या भरजरी वस्त्रांपेक्षा नजर त्यांच्याकडेच परत परत जाते. आमच्या देखाव्यातील मूर्तीचा चेहरा इतका बोलका नाही, पण मी तिला नेहमी मरीयेच्या अगदी जवळ ठेवते, कारण तिला काहीतरी सांगायचे आहे आणि मरीया अजून ते ऐकायची आहे.