नॅट, काटेसावर आणि वर्कशॉपचे सर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं तेव्हाच ठरवलं की वर्कशॉपच्या सरांबद्दल लिहायचं. बाकी गुरुजनांबद्दल इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. सरांचं नाव सांगायची गरज नाही, आमच्या वेळच्या प्रत्येकाला ते कळेल.

१९७१च्या युद्धात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों श्रीनगरवर नॅट विमानातून लढता लढता धारातीर्थी पडले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. त्या दिवसांत आम्हा पोरांच्या वह्यांवर नॅटच नॅट. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी लाकडी नॅट करायचं ठरलं. बाल्सा लाकूड दक्षिण अमेरिकेतलं, ते खान्देशात कुठून मिळायचं? सरांनी काटेसावरीचा ओंडका आणला. तीही हलकी, त्याच जातकुळीतली, पण रवा, म्हणजे लाकडाचे तंतू, भरड.

कोरून आकार लवकर आला. आम्हाला वाटलं, आता रंग मारला की झालं. सर म्हणाले, रुपेरी रंग द्यायचा आहे, तो एकही ओरखडा लपवत नाही, उलट उजेडात दाखवतो.

मग पॉलिश पेपर सुरू झाला. ८०, १२०, मग २२०, आणि नेहमी रव्याच्या दिशेनं. मधला नंबर गाळला की जाड पेपरचे चरे तसेच राहतात. पंखांना लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, पोटाच्या गोलाईला जुन्या स्लिपरच्या रबरावर. ओल्या फडक्यानं पुसायचं, लाकडाची लव उभी राहायची, वाळली की पुन्हा घासायची. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, त्यात संगजिऱ्याची पूड. नाकाला आणि पंखांच्या टोकांना आडवा रवा असतो, तिथं लाकूड चपडा पिऊनच टाकायचं, म्हणून तिथं जास्त हात. वास येतोय तोवर पेपर लावायचा नाही, हा सरांचा नियम.

पंख पोटाला जिथं मिळतो तिथं फट बुजवायला लांबी (पुटी) भरली होती. मला ती अगदी एकसारखी वाटत होती. सरांनी मऊ पेन्सिलीनं सगळ्या विमानावर रेघोट्या मारल्या आणि म्हणाले, आता हलक्या हातानं घास. सपाट जागेवरची पेन्सिल निघून गेली, खळग्यांतली राहिली. जोडाशी काळा पट्टा तसाच दिसत होता. पुन्हा लांबी, पुन्हा पेन्सिल. शेवटी पेन्सिल कुठंच उरेना तेव्हा सर आपल्या अहिराणीत म्हणाले, ‘‘डोया मिचीसन हात फिराव. आते सांग, जोड कोठे शे?’’

मला सांगता आलं नाही. सर हसले. तो आनंद पुढं बक्षिसानंही दिला नाही.

रंगाला त्यांनी पहाटेची वेळ धरली. कापसाचा हंगाम, जिनिंगकडून उडत आलेली सरकीची लव ओल्या रंगावर बसायची. म्हणून आधी खोलीत पाण्याचा सडा, दारं बंद, आणि पातळ हात, एकावर एक.

आज भोसरीत माझं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करतो, म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना. पॅटर्न गुळगुळीत नसेल तर साच्यातून काढताना वाळू ढासळते, कास्टिंग वाया जातं. हल्ली बरंचसं काम सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर होतं, तरी शेवटचा हात माणसाचाच. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पोराला मी आधी पेन्सिल देतो, मग पेपर. हे माझं नाही, सरांचं आहे.

मागच्या दिवाळीत शाळेत गेलो होतो. वर्कशॉपच्या जागी संगणक कक्ष आहे, तो हवाच. पण ते वाइस, ती रंधे लावलेली भिंत काही दिसली नाही, आणि फार वाईट वाटलं. पोरांच्या हाताला लाकूड लागलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

महोत्सव समितीला विनंती आहे, एक रिकामी खोली द्या. सावरीचं लाकूड, पेपर, चपडा, सगळं मी आणतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवायलाही येतो.