एमपी५के: सेमी लॉकचा छडा लागला, मॉस्फेटचा बेत मात्र बदलला

सापडलं एकदाचं! माझ्या एमपी५केचा, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या विजेवरच्या एअरसॉफ्ट बंदुकीचा, ट्रिगर सेमीवर (एका दाबाला एकच गोळी) मध्येच मुका व्हायचा. पाऊस सुरू झाल्यापासून डोक्याला ताप झालेल्या या सेमी लॉकचं मूळ गिअरबॉक्समध्ये नव्हतंच. ते होतं बॅटरीच्या कनेक्टरमध्ये आणि ट्रिगरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर. कारण म्हणाल तर आपली खारी हवा.

बंदूक नेहमीचीच, व्हर्जन ३ गिअरबॉक्स, ११० मिमीची आतली बॅरल, ७.४ व्होल्टची लिपो बॅटरी. खेळायची जागाही नेहमीचीच, रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या अंगाचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. नियम तुम्हाला ठाऊक आहेत: आत फक्त सेमी, बीबी (प्लास्टिकची गोळी) कुठल्याही वजनाचा असो, सुटतानाच्या ऊर्जेची मर्यादा १ जूल, पूर्ण बंद गॉगल आणि तोंडाला मास्क. येता-जाता बंदुका बंद बॅगेत, आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी कल्पना दिलेली.

गणपतीला चाकरमानी आले, गौरी-विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी मोठा डाव ठरला. मिठाच्या खोलीच्या दारात मी कोपरा कापत आत शिरलो, समोर पाच-सहा मीटरवर गडी पाठमोरा, ट्रिगर दाबला आणि काहीच नाही. ट्रिगर मेलेला. सिलेक्टर फुल ऑटोवर (दाबून धरलं की सलग गोळ्या) नेऊन एक झड काढली की तो सुटतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण आत फुल ऑटो चालत नाही. म्हणजे हात वर करून बाहेर यायचं. जवळच्या खेळासाठी घेतलेल्या बंदुकीने नेमक्या त्याच जागी दगा द्यावा, यासारखा संताप नाही.

आता मुद्द्याचं. पिस्टन मागे ओढणारा सेक्टर गिअर फिरताना कट-ऑफ लिव्हर उचलतो, तो ट्रिगरची सरकपट्टी सोडवतो आणि एकच गोळी सुटते. मोटर मध्येच मंदावली आणि गिअर अर्ध्या वाटेवर थांबला, तर लिव्हर उचललेलाच राहतो आणि सरकपट्टी पुन्हा ट्रिगरला पकडत नाही. हाच सेमी लॉक. संशय तीन जागी होता: झिजलेला लिव्हर, जड स्प्रिंग, थकलेली बॅटरी. लिव्हर काढून पाहिला, कडा धारदार. शिम (गिअरखालच्या पातळ चकत्या) नीट, गिअर बोटाने फिरवले की अलगद फिरतात. मोटरची उंची व्हर्जन ३ मध्ये तिच्या पिंजऱ्याच्या स्क्रूवर ठरते, ग्रिपच्या प्लास्टिकवर नाही, त्यामुळे तीही हललेली नव्हती. बॅटरी डोंबिवलीकर भावाच्या एम४ला (लांब नळीची एअरसॉफ्ट बंदूक) लावली तर ती बंदूक सुसाट.

गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोनेही काही दाखवलं नाही. ०.२० ग्रॅमला ९२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण ०.८५ जूल, ०.२८ला ७९, म्हणजे ०.८७. आकडे स्थिर. ते तसेच असणार, कारण बीबीला ढकलते ती स्प्रिंगची ताकद. मोटर रडत रडत का होईना पिस्टन शेवटपर्यंत मागे नेते तोवर वेग तोच येणार. वीज कमी पडतेय हे क्रोनोवर उमटत नाही. मशीन ठीक, वेग ठीक, म्हणून शोध पुन्हा पुन्हा गिअरबॉक्सकडेच वळत होता.

शेवटी मल्टिमीटर काढला. सेमीच्या एका फेरीत मीटरचा आकडा ठरतच नाही, म्हणून मॅगझिन काढून, बाकावर, फुल ऑटोवर दोन-तीन सेकंद ट्रिगर दाबून धरला आणि प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना प्रोब लावले. चांगल्या जोडावर जवळपास शून्य दिसायला हवं. बॅटरीच्या मिनी टॅमिया कनेक्टरवर ०.९ व्होल्ट! ट्रिगरच्या पट्ट्यांवर आणखी ०.६. म्हणजे ७.४ मधले दीड व्होल्ट मोटरपर्यंत पोचतच नव्हते. हिशेब साधा आहे: २० अँपिअर ओढणाऱ्या मोटरला वाटेत ०.०५ ओहमचा अडथळा आला, तरी १ व्होल्ट तिथेच जळतो.

कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवी बुरशी बसावी तसा थर. ट्रिगरच्या पट्टीचं टोक काळं पडून खड्डे पडलेलं, खड्ड्यांच्या कडेला तोच हिरवा रंग. काळं ते ठिणग्यांमुळे, हिरवं ते मिठामुळे. एकाने दुसऱ्याला वाट करून दिली: गंजामुळे अडथळा वाढला, अडथळ्याने उष्णता आणि ठिणग्या वाढल्या, ठिणग्यांनी तांबं खाल्लं, उघड्या तांब्यावर पुन्हा गंज. चार महिने दमट हवेत हे चक्र फिरलं. ११.१ची बॅटरी लावा असा सल्ला मला दोघांनी दिला होता. तिने लॉक तात्पुरता गेला असता, पण ठिणग्या वाढून पट्ट्या दिवाळीपर्यंत संपल्या असत्या.

मिनी टॅमिया कापून टाकला. माझं ठाम मत: समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने हा कनेक्टर घरात ठेवू नये. सोन्याचा मुलामा असलेला एक्सटी३० बसवला, १६ गेजची सिलिकॉन वायर ओढली, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसल्या. आता सगळ्या जोडांवर मिळून घट ०.२च्या आत. सेमीचा आवाजच बदलला, ‘घुर्र-टक’ऐवजी नुसता ‘टक’! अंगणात अख्खं मॅगझिन सेमीवर रिकामं केलं, एकदाही लॉक नाही. त्या संध्याकाळी मी जेवायचंही विसरलो.

त्यामुळे भार कमी करायला एम८० स्प्रिंग टाकायचा बेत रद्द. सिलिंडरलाही हात लावत नाही. ११० मिमी बॅरलमध्ये मावते जेमतेम ३ घन सेंमी हवा. भोक नसलेला पूर्ण सिलिंडर त्याच्या कितीतरी पट हवा फेकतो, मग आवाज मोठा आणि नेम बिघडलेला. आत्ताचा भोकाचा सिलिंडर या बॅरलला नीट जुळलाय.

हाताळणीबद्दल थोडक्यात: दारं अरुंद, भिंती जांभ्याच्या, तिथे या बंदुकीला तोड नाही. एम४वाला दारात नळी आधी दाखवतो, इथे ती खांद्याच्या रेषेतच राहते. बट नाही, म्हणून पट्टा गळ्यात ताणून धरायचा, त्या ताणावर नेम चांगला टिकतो. आणि मॅगझिन मिडकॅपच घ्या, त्यात स्प्रिंग बीबींना दाबून धरते. हायकॅपच्या पोकळीत सुटे बीबी खुळखुळतात, रिकाम्या कारखान्यात तो आवाज दोन खोल्या पलीकडे जातो.

आता मॉस्फेट, म्हणजे ट्रिगरच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आयआरएलबी३०३४ मागवून ठेवलाय. ऑनलाइन तयार मॉड्यूल विकणाऱ्या एका दुकानदाराने दुप्पट दाम सांगून वर सोल्डरिंग कच्चं दिलं होतं, तेव्हापासून सुटे भागच बरे वाटतात. बेत नेहमीचा: गेटला (मॉस्फेटचा इशारा घेणारा पाय) १०० ओहमचा रोधक, गेट ते सोर्स (प्रवाह बाहेर पडणारा पाय) ४७ किलोओहमचा. मोठा प्रवाह मॉस्फेटमधून जाईल, पट्ट्यांवर ठिणगी नाही.

पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. ४७ किलोओहमला पट्ट्यांमधून जाणारा प्रवाह ०.१६ मिलिअँपिअर. इतक्या किरकोळ प्रवाहाला गंजाचा पातळ थरही फोडता येत नाही. मोठा प्रवाह निदान तो थर जाळत तरी होता. म्हणजे कोरड्या गावी उत्तम चालणारी मांडणी आपल्याकडे पुढच्या आषाढात ट्रिगर मुका करेल. तेव्हा ४७ किलोच्या जागी १ किलोओहम लावतो. प्रवाह ७ मिलिअँपिअरच्या आसपास जाईल, गेटला तरीही साडेसहा व्होल्ट मिळतील, कमी व्होल्टवर चालू होणाऱ्या लॉजिक लेव्हलच्या मॉस्फेटला ते भरपूर.

किंवा त्याहून बरं, पट्ट्याच काढून तिथे सीलबंद मायक्रोस्विच. आतले संपर्क हवेला लागणारच नाहीत. अडचण जागेची: सरकपट्टी काढली तर कट-ऑफ लिव्हरने स्विच सोडवायला काहीतरी दांडा लागेल. उद्या पुठ्ठ्याचा साचा कापून बघतो. व्हर्जन ३ मध्ये हे कुणी केलं असेल तर दांड्याचं माप आणि स्विचचा आकार टाका. तोवर १ किलोओहमवाली जोडणी करून कोजागिरीच्या डावात वापरतो, आणि मीटरचे आकडे आधी-नंतर दोन्ही इथे देतो.