छावणीतला क्लोरीन तंबूत मोजा

1994 च्या जुलैत रवांडातून काँगोतल्या (तेव्हाच्या झैरेतल्या) गोमाला पोचलेल्या निर्वासितांपैकी पहिल्या महिनाभरातच जवळपास 50,000 माणसं दगावली. बहुतेक जुलाबांनी: आधी कॉलरा, मागोमाग रक्ती हगवण. युद्धातून जीव वाचवून आलेली माणसं छावणीतल्या पाण्यानं गेली. आज स्फिअरची, म्हणजे आपत्तीतल्या मदतकामासाठीची आंतरराष्ट्रीय, मानकं आहेत: माणशी दिवसाला किमान 15 लिटर, एका नळामागे 250 माणसं, नळ 500 मीटरच्या आत. हे सगळ्यांना पाठ असतं. घोडं अडतं ते क्लोरीनपाशी.

टाकीत पावडर किती टाकायची याला ठरीव उत्तर नाही, कारण पाण्यातली घाण आधी आपला वाटा खाऊन टाकते. म्हणून बादल्यांची चाचणी. 65-70 टक्के क्लोरीनची एचटीएच (कॅल्शियम हायपोक्लोराइट) पावडर 15 ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात कालवा, की 1 टक्क्याचं द्रावण झालं. (30 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर 33 ग्रॅम, पण डबा उघडा राहिला असेल तर तिचा जोर उतरलेला असतो.) 20 लिटरच्या चार प्लास्टिक बादल्यांत 2, 4, 6 आणि 8 मिली घाला, ढवळा, झाका. 30 मिनिटांनी डीपीडी गोळीनं (क्लोरीन असेल तर ती पाणी गुलाबी करते) उरलेला क्लोरीन बघा. 6 मिलीच्या बादलीत हवा तेवढा क्लोरीन उरला तर 10,000 लिटरच्या टाकीला 3 लिटर द्रावण. गोळी टाकल्यावर गुलाबी रंग क्षणभर दिसून उडाला, तर क्लोरीन नाही असं समजू नका. तो भलताच जास्त आहे. नमुन्यात क्लोरीन नसलेलं स्वच्छ पाणी मिसळून पुन्हा मोजा.

पाणी गढूळ असेल तर नुसता डोस वाढवत बसू नये. तुरटीनं गाळ बसवा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या, गढूळपणा 5 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आला की मगच क्लोरीन.

आता मुद्द्याचं. नळावर 0.2 ते 0.5 मिग्रॅ/लिटर मिळालं की वहीत टिक होते. पण लोक पाणी नळावर पीत नाहीत, रात्रभर तंबूत ठेवून पितात. दक्षिण सुदानच्या छावण्यांत 2013 मध्ये मोजणी झाली तेव्हा उन्हाच्या काहिलीत घरातल्या भांड्यांपर्यंत क्लोरीन पुरेसा टिकत नव्हता. अभ्यासकांनी तिथं नळावर 1 मिग्रॅ ठेवायला सुचवलं. तोच आकडा डोळे झाकून दुसरीकडे लावू नका. काही तंबू निवडा, कॅन भरल्याची वेळ लिहा, त्याच कॅनमधलं पाणी संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी तपासा. 24 तासांनी 0.2 उरेल एवढा डोस ठरवा.

क्लोरीन खाणारा दुसरा गडी म्हणजे कॅनच्या आतलं शेवाळ. अरुंद तोंडात हात जात नाही. बारीक खडे, थोडं पाणी आणि किंचित द्रावण घालून जोरात खळखळवा, मग विसळा. भांडंही बघा. मलावीत मोझांबिकच्या निर्वासितांना झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या दिल्या, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब 31 टक्क्यांनी घटले होते. पाण्याला वास येतो अशी तक्रार आली तर ती झटकू नका, नाहीतर लोक ओढ्यावर जातात. पण डोस कमी करण्याआधी कॅन धुऊन घ्या आणि पुन्हा मोजा. शेवाळ गेल्यावर बऱ्याचदा कमी डोसही पुरतो.