आजाऱ्यानेच करायचे कढण

आजारी माणसासाठी म्हणून ज्या पाककृती सांगितल्या जातात, त्या वाचताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो: हे सारे करणार कोण? गाजर, फरसबी आणि कोबी बारीक चिरण्यापासून सुरुवात होते, मग भाज्या परतणे, शिजवणे, मिक्सरमधून काढणे, गाळणे असे करत करत शेवटी वर मलई सोडायची असते; आणि १०२ अंश ताप अंगात असलेला माणूस घरात एकटाच असेल, तर त्याची उमेद पहिल्याच ओळीपाशी संपते. या कृतींमध्ये चूक काही नसते. आजारी माणूस अंथरुणात पडलेला आहे आणि ओट्यापाशी दुसरे कोणीतरी उभे आहे, एवढे मात्र त्यांनी गृहीत धरलेले असते. नोकरीसाठी घर सोडून पुण्यात एकटीने राहणाऱ्या माझ्यासारखीच्या बाबतीत ओट्यापाशी उभे राहणारे दुसरे कोणी नसते. फोनवर आई विचारते, "काही खाल्लंस का?" आणि "हो" म्हणण्यापुरते तरी काहीतरी पोटात जावे लागते.

बाहेरून मागवता येते, हे खरे. परंतु हॉटेलातले सूप बहुधा कॉर्नफ्लोअरने दाट केलेले आणि गोडसर असते, आणि तोंडाला चव नसताना तो चिकट गोडवा दोन घोटांच्या पुढे जात नाही. म्हणून आजारपणातल्या स्वयंपाकासाठी मी काही अटी ठरवून घेतल्या आहेत. सुरीने चिरण्यासारखे काही असू नये. मिक्सर लावावा लागू नये, कारण त्याचा आवाज दुखऱ्या डोक्याला सोसत नाही आणि नंतर त्याचे भांडे घासण्याचे त्राण नसते. सारे जिन्नस घरात असतातच असे असावेत. आणि ओट्यापाशी सलग उभे राहण्याची गरज पडू नये. या साऱ्या अटींत बसणारा पदार्थ आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तो म्हणजे मुगाचे कढण.

अख्ख्या हिरव्या मुगाचे कढण अधिक चवदार होते, याबद्दल वाद नाही. मात्र ते मूग आधी भिजवावे लागतात आणि नंतर गाळावेही लागतात. आजारपण आदल्या रात्री सांगून येत नाही, तेव्हा सालविरहित पिवळी मूगडाळ घ्यावी. पाव वाटी डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन लहान कुकरमध्ये थेट घालावी, तिच्यावर चार वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, आल्याचा पेराएवढा तुकडा धुऊन, सालासकटच बत्त्याने एकदा चेचून, आणि पाच-सहा मिरे भरड कुटून. हे सारे पाण्यात पडले की वर अर्धा चमचा तूप सोडावे. हे तूप चवीसाठी कमी आणि फेसासाठी अधिक आहे: डाळ उकळताना जो फेस चढतो, तो शिटीतून बाहेर येऊन झाकण आणि शेगडी दोन्ही पिवळी करतो, आणि तापात शेगडी पुसत बसण्याइतके उदासवाणे काम दुसरे नाही. त्याच कारणाने कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करावा. शिट्ट्या अंथरुणात पडूनही मोजता येतात. डोळा लागण्याची भीती असेल, तर विजेच्या शेगडीवर वेळ लावून ठेवावी, म्हणजे ती आपली आपण बंद होते.

वाफ आपसूक जिरू द्यावी. झाकण उघडल्यावर डाळ तळाशी बसलेली आणि वर हळदीच्या रंगाचे जवळजवळ पारदर्शक पाणी साचलेले दिसते, आणि त्यावर तुपाचे बारीक ठिपके तरंगत असतात. लगेच रवी घालून घुसळण्याचा मोह आवरावा. ते वरचे पाणी, म्हणजे निवळ, डावाने हलकेच स्टीलच्या पातेल्यात काढून घ्यावे, त्यात मीठ आणि धुतलेली दोन आमसुले टाकून एक उकळी आणावी आणि आमसुले काढून टाकावीत. आमसुले कुकरमध्येच का घालू नयेत, याला कारण आहे. आंबट पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, दाणा टणक राहतो. शिवाय कुकर ॲल्युमिनियमचा असेल, तर त्यात आंबट उकळत ठेवणे एरवीही बरे नव्हे. आमसूल नसेल तर गॅस बंद करून लिंबू पिळावे. चिंच मात्र मी टाळते, कारण तिचा कोळ काढणे म्हणजे पुन्हा एक काम.

या कढणात कोथिंबीर नाही आणि पहिल्या वेळी फोडणीही नाही, याचे काहींना नवल वाटेल. चव म्हणून आपण जे ओळखतो, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो. नाक चोंदले की जिरे, कोथिंबीर, कढीपत्ता यांच्यावर घेतलेले कष्ट वाया जातात. खारट आणि आंबट यांची जाण जिभेला असते, ती शाबूत राहते. आणि आले-मिऱ्यांचा तिखटपणा तर चव किंवा वास या दोन्हींत मोडत नाही, तो उष्णता आणि वेदना जाणणाऱ्या चेतातंतूंना लागतो, त्यामुळे नाक बंद असतानाही तो घशात आणि नाकाच्या मुळाशी स्पष्ट जाणवतो. म्हणून आजाऱ्याच्या कढणात मीठ, आंबट आणि तिखट या तिघांवर भिस्त ठेवावी आणि सुवासाची चैन बरे वाटू लागेपर्यंत लांबवावी.

गंमत अशी, की आयुर्वेदाने हीच पायरी फार पूर्वी बांधून दिलेली आहे. पंचकर्मातल्या शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीनंतर, मंदावलेला अग्नी (पचनशक्ती) हळूहळू वाढवत नेण्यासाठी जो संसर्जनक्रम सांगितला आहे, त्यात आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (दाट पेज), मग अकृत यूष आणि त्यानंतर कृत यूष येते. अकृत यूष म्हणजे स्नेह, मीठ, मसाला यांचा संस्कार न केलेले कढण, आणि कृत यूष म्हणजे तो संस्कार केलेले. माझ्या पहिल्या वाटीत मीठ आणि मिरे असतात, तेव्हा ते शास्त्राप्रमाणे अकृत म्हणता येणार नाही. क्रम मात्र तोच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शमीधान्यांमध्ये, म्हणजे कडधान्यांमध्ये, मूग श्रेष्ठ म्हटला आहे, आणि हरभऱ्याच्या डाळीने पोट फुगलेल्या कोणालाही हा निवाडा पटेल. ‘लंघनं परमौषधम्’, म्हणजे उपवास हेच मोठे औषध, हे वचन आमच्या घरातही ऐकू येते; परंतु ते म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तापातल्या मुलाला कधी कोरडे ठेवल्याचे मी पाहिलेले नाही, हातात पेजेची वाटी असायचीच.

एकाच कुकरमधून दोन दिवसांचे भागते, ही कढणाची दुसरी सोय. पहिल्या दिवशी निवळ प्यावी. तळाशी राहिलेली डाळ फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती घट्ट झालेली असते, तिच्यात गरम पाणी घालून आता खुशाल रवीने घुसळावी, उकळावी, आणि नाक मोकळे झाले असेल तर चमचाभर तुपात जिरे आणि सालासकट ठेचलेल्या लसणीच्या दोन पाकळ्या तडतडवून वर ओतावे. त्या फोडणीचा वास आला, की आजार उतरणीला लागला असे मी धरून चालते. भूक असेल तर त्यातच मऊ भात कालवावा.

गरम पिण्याने बरे का वाटते, याचा शोध परदेशांत कोंबडीच्या सूपच्या निमित्ताने घेतला गेला आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीच येथे पंधरा निरोगी माणसांना गरम पाणी, थंड पाणी आणि कोंबडीचे गरम सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने पुढे सरकतो हे मोजण्यात आले. गरम पेयांनी तो वेग वाढला, सूपने विशेष. थंड पाण्याने तो घटला. मात्र गरम पेयांचा परिणाम अर्ध्या तासाच्या आत ओसरला. सन २००० मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड यांनी सूपमुळे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची धाव मंदावते असे दाखवले, पण ते प्रयोगशाळेत, माणसांवर नव्हे. मला सर्वांत उपयोगी वाटतो तो २००८ चा कार्डिफ येथील अभ्यास: सर्दी झालेल्या लोकांना एकच फळांचे पेय गरम आणि खोलीच्या तापमानाचे अशा दोन तऱ्हांनी दिले, तेव्हा नाकातून वाहणारी हवा मोजली असता फरक दिसला नाही, तरीही गरम पेय घेणाऱ्यांना घसादुखी, हुडहुडी आणि थकवा यांतही उतार वाटला, जो गरम न केलेल्या पेयाने वाटला नाही. कोंबडीच हवी असे यातून दिसत नाही. मी त्यातून एवढेच घेतले, की मोठा वाडगा एकदम संपवण्यापेक्षा अर्धी-अर्धी वाटी, वाफ निघत असताना, थोड्या थोड्या वेळाने घ्यावी.

ते साधायचे तर प्रत्येक वेळी उठून गरम करणे आले. त्यावर उपाय थर्मासचा. त्यात आधी उकळते पाणी भरून ओतून टाकावे, मग उकळती निवळ भरावी आणि पेल्यासह उशाशी ठेवावे. रात्रीतले रात्रीत संपवावे. सकाळी उरलेले कोमट कढण पिऊ नये. डाळ शिजलेली असली तरी कोमट राहिली की लवकर आंबते, आणि आधीच बिघडलेल्या शरीराला आणखी एक दुखणे नको.

कुकर लावण्याचेही त्राण नसते अशा दिवसांसाठी मी एक पीठ बरे असतानाच करून ठेवते. वाटीभर मूगडाळ कोरडीच, मंद आचेवर खमंग होईपर्यंत भाजावी. उतरवण्याआधी त्यात चमचाभर जिरे आणि अर्धा चमचा मिरे घालून गरम होऊ द्यावेत. पूर्ण गार झाल्यावर अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा हळद, हिंग आणि मीठ घालून बारीक दळावे व कोरड्या बरणीत भरावे. लागेल तेव्हा दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवावे, कारण गरम पाण्यात टाकले तर त्याच्या गाठी फुटता फुटत नाहीत; मग दीड वाटी पाण्यात आठ-दहा मिनिटे ढवळत उकळावे. डाळ कच्ची लागू नये म्हणून इतका वेळ द्यावाच लागतो. बरणीवर तारीख लिहून ठेवते.

कोकणातल्या घरांत हेच काम कुळथाचे पीठ करते आणि तिथे उकड्या तांदळाची पेजही असते. कोल्हापूरकडे मटणाचे अळणी पाणी देतात, त्याला मात्र करणारे कोणीतरी लागते.

कढण हे औषध नव्हे, हे सांगणे भाग आहे. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागू लागली, लघवी फार कमी होऊ लागली किंवा पोटात काहीच ठरेना, तर डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल, तर अंगदुखीवर मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. जुलाब होत असतील, तर कढणाच्या आधी ओआरएस. तिथे मीठ आणि साखर यांचे प्रमाण नेमके असावे लागते, आणि ते अंदाजाने होत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाचा हात आखडता ठेवावा.

तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये जी घट्ट डाळ उरते, ती कढण म्हणून पुन्हा पिववत नाही. ती कणकेत मळावी, तिखट, ओवा आणि मीठ घालावे आणि तव्यावर दोन जाडसर पराठे लावावेत. लोणच्याची बरणी याच वेळी काढावी, त्याआधी नाही.