कोड ९३२९

रोजगार कार्यालयात नोकऱ्या तयार होत नाहीत, हे सांगून सांगून मी थकले. आमचं काम जुळवणीचं. एका बाजूला मालकाची रिक्त जागा, दुसऱ्या बाजूला नाव नोंदवलेला माणूस, मध्ये चार आकडी कोड. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात, २००८च्या आवृत्तीत, असे ४३६ गट आहेत. वेल्डर ७२१२. कुठेच न बसणारा कारखान्यातला मजूर ९३२९. सॉफ्टवेअरला दिसतो तो एवढाच आकडा.

पाइप वेल्डरची एक जागा आमच्याकडे पाच महिने पडून होती. मालक आमच्याकडे येतात ते बाकीचे सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर, वर अपेक्षांची लांबलचक यादी घेऊन. शेवटी मी थेट फोरमनला फोन लावला. दहा वर्षं अनुभव, पदविका, एवढं कशाला हवं? तो हसला. "ते ऑफिसनं लिहिलंय. मला पंचेचाळीस अंशात तिरक्या बांधलेल्या पाइपला टिगनं रूट मारणारा हात पाहिजे." अशा जोडात पाइप हलत नाही, वेल्डरच त्याच्याभोवती फिरतो, खालून, बाजूनं, वरून, सगळं एकाच जोडात. टिग ही वेल्डिंगची एक पद्धत, रूट म्हणजे जोडातला पहिला थर. तो बिघडला की वरून कितीही सुबक भरा, एक्स-रेत पकडला जातो. खरं तर असा फोन जागा आली त्याच दिवशी व्हायला हवा. होत नाही, कारण महिन्याच्या अहवालात फोनसाठी रकाना नाही.

७२१२ मध्ये तसा कोणी सापडेना. त्याच दुपारी एक जण नोंदणीच्या नूतनीकरणाला आला. कोड ९३२९, चौदा महिने बेकार, मनगटावर भाजल्याचे बारीक डाग. काय काम करायचात, म्हटलं.

"पाइपलाइनीवर वेल्डिंग."

"मग इथे हेल्पर कसं?"

"कंत्राटदाराच्या कागदावर हेल्परच होतो, मॅडम. तुम्ही पद विचारलंत."

तुम्ही म्हणजे मीच. नोंदणीवर सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र आणलं. आयएसओ ९६०६-१ ची, म्हणजे वेल्डरचा हात तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाची परीक्षा, पाइपवर, याच तिरक्या स्थितीत. हे प्रमाणपत्र चालू राहायला दर सहा महिन्यांनी कामावरच्या जबाबदार माणसाची सही लागते. नोंदणी झाली तेव्हा ते चालू होतं. आमच्या यादीत पडून पडून ते बाद झालं.

फोरमन चाचणी घ्यायला तयार झाला. आधी दोन दिवस हात बसवायला वेल्डिंगचा बूथ मिळावा म्हणून मी प्रशिक्षण केंद्राला विनवलं. प्रवेश घेतलेल्यांनाच, असं उत्तर आलं. चाचणीत रूटला दोन ठिकाणी छिद्रं निघाली. "हात चांगला आहे, पण गंजलाय," फोरमन म्हणाला. "फिटरचा हेल्पर म्हणून घेतो, पुढचं पुढे बघू."

शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ म्हणतात, कोड काय, अहवालापुरता असतो. रोजगार सेवेबद्दलच्या १९४८च्या ८८ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात अर्जदाराची पात्रता, अनुभव आणि इच्छा टिपून घ्या, मुलाखत घ्या, असं लिहिलंय. आम्हाला एका माणसामागे आठ मिनिटं मिळतात.

फाइल बंद करायला सॉफ्टवेअर रुजू झालेल्या पदाचा कोड मागतं. हेल्पर, म्हणजे पुन्हा ९३२९. त्याचा मूळ कोड मी ७२१२ केलाय, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत. तीन आठवडे झाले, फाइल माझ्या नावापुढे 'प्रलंबित' दिसते आहे.